माशी बांधताना हात आखडता बरा

सुट्टीच्या दिवशी काय करतोस, असं भारतातून कुणी विचारलं आणि मी "माश्या बांधतो" असं उत्तर दिलं की फोनवर दोन क्षण शांतता पसरते. बरोबरच आहे म्हणा. आपल्याकडे रिकामटेकडा माणूस माश्या मारतो, बांधत नाही. तेव्हा आधी थोडा खुलासा करतो आणि मग माझं मत मांडतो. मत ठाम आहे, आणि इथल्या बऱ्याच मंडळींना ते आवडत नाही, हेही आधीच सांगून टाकतो.

फ्लाय फिशिंग हा प्रकार नावारूपाला आला तो नदीतल्या ट्राउट माशामुळे. ट्राउट पाण्यावर पडणारे किडे, चिलटं, माश्या खातो. म्हणून गळावर दोऱ्याने केस आणि पिसं बांधून खोटी माशी करायची आणि ती पाण्यावर अलगद सोडायची. पुढे लोक हाच प्रकार घेऊन समुद्रावर गेले. समुद्रातले शिकारी मासे चिलटांच्या मागे लागत नाहीत, ते छोटे मासे खातात. त्यामुळे गळावर बांधायची ती छोट्या माशाची नक्कल, पण नाव मात्र 'फ्लाय'च राहिलं. थोडक्यात, माशी या नावाखाली छोटा मासा बांधून मोठ्या माशाला फसवायचं, असा हा एकूण कारभार आहे.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. नेहमीच्या गळाला शिसं लावलेलं असतं. फेकलं की ते वजन दोरीला ओढत लांब नेतं. इथे उलट असतं. वजन असतं ते दोरीला. जाडसर, प्लॅस्टिकचं आवरण असलेली दोरी काठीने हवेत मागे-पुढे झुलवून फेकायची आणि तिच्या टोकाला माशी निमूटपणे जाते. म्हणून माशी हलकी हवी, हवेला अडणारी नको आणि पाणी पिऊन जड होणारी नको. हे तीन नियम लक्षात ठेवा, पुढे लागतील.

मी राहतो मेरीलँडमध्ये, चेसापीकच्या खाडीजवळ. खाडी म्हटलं तरी लांबी तीनशे किलोमीटरच्या वर. पण खोली? सरासरी साडेसहा मीटरच्या आसपास! मैलच्या मैल असं उथळ पाणी की माणूस कंबरेपर्यंत उभा राहू शकतो. खाली पाणगवत, त्यात छोट्या माशांचे थवे आणि त्यांच्या मागावर स्ट्राइप्ड बास. इथले लोक त्याला रॉकफिश म्हणतात. अलिबागकडच्या वाचकांनी डोळ्यांसमोर जिताडा आणावा. नात्याने जवळचा नाही, पण वृत्तीने तसाच, खाडीच्या तोंडाशी दबा धरणारा. फरक एवढाच की जिताडा अंडी घालायला खाऱ्या पाण्याकडे जातो आणि हा गोड्या पाण्याकडे.

त्याचं खाणंही तुमच्या ओळखीचं आहे. इथली बे अँकोव्ही म्हणजे आपल्या मांदेलीच्या कुळातली. बोटभर लांब, अंग काचेसारखं, बाजूने एक चंदेरी पट्टा. मेनहेडन हा तारली आणि पाल्याच्या गोतावळ्यातला, पसरट आणि तेलकट. सिल्व्हरसाइड नावाचा तिसरा, सडपातळ. या तिघांची नक्कल करता आली की इथे वर्षभराचं भागतं.

आता माझं मत. या नकलेत जितकं कमी बांधाल तितकी ती चांगली. आणि जे जास्तीचं आपण बांधतो ते माशासाठी नसतंच, ते आपल्यासाठी असतं. त्याची किंमत मात्र आपण देत नाही. ती पक्ष्यांनी, पाण्याने आणि माशांनी दिलेली असते.

हे मी हवेत बोलत नाही. या खाडीच्या परिसरात जन्मलेल्या दोन माश्यांकडे बघा.

पहिली, लेफ्टीज डिसीव्हर. मेरीलँडचे लेफ्टी क्रे हे या क्षेत्रातलं दैवत. २०१८ साली, वयाच्या ९३ व्या वर्षी ते गेले. १९५० च्या दशकाच्या अखेरीस चेसापीकमध्ये स्ट्राइप्ड बास पकडताना त्यांना एक साधी अडचण येत होती. लांब पिसांची माशी फेकताना पिसं गळाच्या बाकाला गुंडाळली जायची. अशी गुंतलेली माशी पाण्यात वेडीवाकडी फिरते आणि मासा तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही. क्रे यांनी काय केलं? कोंबड्याच्या पाठीवरची लांब पिसं गळाच्या दांडीच्या अगदी मागच्या टोकाला बांधली आणि पुढे हरणाच्या शेपटीच्या केसांची झालर अशी बांधली की ती पिसांच्या मुळाशी आधार देईल. पिसं गुंतायची थांबली. पाण्यात पुढचा भाग माशासारखा फुगीर दिसू लागला, मागचा शेपटासारखा हलू लागला. आणि पाण्याबाहेर काढून हवेत नेली की सगळं चपटं होऊन हवा कापत जाऊ लागलं. दोनच मुख्य वस्तू, कोंबडा आणि हरीण. बस्स.

दुसरी, क्लाउझर डीप मिनो. चेसापीकला सगळ्यात जास्त गोडं पाणी आणून देणारी नदी म्हणजे सस्क्वेहाना. तिच्या काठी पेनसिल्व्हेनियात बॉब क्लाउझर यांचं दुकान होतं. १९८० च्या दशकात डंबेलच्या आकाराचे छोटे शिशाचे डोळे बाजारात आले. क्लाउझर यांनी १९८७ मध्ये ते गळाच्या दांडीवर, पुढच्या टोकापासून थोडं मागे बांधले. वजन दांडीच्या वरच्या अंगाला आलं, त्यामुळे पाण्यात गेल्यावर माशी उलटी होते आणि गळाचं टोक आकाशाकडे राहतं. तळाच्या गवतात अडकणं कमी होतं. दोरी ओढली की माशी वर येते, थांबवली की डोकं खाली करून तळाकडे सूर मारते. घाबरलेला छोटा मासा नेमकं हेच करतो. बाकी त्यात आहे काय? पोटाकडे थोडे पांढरे केस, पाठीकडे थोडे रंगीत केस, मध्ये दोन-चार चमकते धागे. या माशीला नाव दिलं ते लेफ्टी क्रे यांनीच. खाऱ्या-गोड्या पाण्यात ऐंशीहून अधिक जातींचे मासे या एकाच नमुन्यावर पकडल्याचं ते सांगत.

म्हणजे बघा, दोन्ही माश्या कशाने मोठ्या झाल्या? सजावटीने नव्हे. एकीने पिसं गुंतण्याचा प्रश्न सोडवला, दुसरीने वजनाची जागा बदलली. दोन्हीत डोळा सोडला तर माशाचा एकही अवयव धड नाही. खवले नाहीत, कल्ले नाहीत, तोंड नाही. आणि डिसीव्हरला तर डोळाही ऐच्छिक!

हे का चालतं, याचं कारण माशाच्या बाजूने विचार केला की कळतं. छोट्या माशाची पाठ गडद आणि पोट पांढरं असतं, म्हणजे वरून बघणाऱ्याला तो तळात मिसळतो आणि खालून बघणाऱ्याला उजेडात. कुशीवरचे खवले ग्वानिन नावाच्या पदार्थाच्या स्फटिकांमुळे आरशासारखे चमकतात, म्हणजे ते आजूबाजूचं पाणीच परत दाखवतात. सारांश, छोट्या माशाचा सगळा प्रयत्न 'न दिसण्याचा' असतो. आणि आपण त्याची नक्कल करायला बसतो ती ठसठशीत, भरीव, नटवलेली! मासा म्हणजे पाण्यातली एक हलणारी सावली आणि अधूनमधून एक लकाकी. शिकारी माशाला ठरवायला क्षणभरच मिळतो. तेवढ्यात तो लांबी बघतो, बाहेरचा आकार बघतो आणि हालचाल बघतो. हालचाल तर तो नुसत्या डोळ्यांनी नव्हे, अंगावरच्या संवेदी रेषेनेही टिपतो. कल्ल्यांचा रंग तपासायला तो थांबत नाही.

पातळ बांधलेल्या केसांतून उजेड आरपार जातो, मध्ये पाणी शिरतं, एकेक केस वेगळा थरथरतो. जाड बांधला की तोच झुपका दाढी करायच्या ब्रशसारखा ताठ होतो. बुडायला वेळ लावतो, हवेत अडतो आणि पाण्यात मेल्यासारखा पडून राहतो. माझा हिशेब सोपा आहे. क्लाउझरसाठी केसांची बट चिमटीत घट्ट दाबली की आगपेटीच्या दोन काड्यांपेक्षा जाड वाटता कामा नये. शंका आली तर अजून थोडे केस काढून टाकायचे. चार मासे चावून गेल्यावर अर्धी झडलेली माशी नव्या कोऱ्या माशीपेक्षा चांगली चालते, असं इथले जुने लोक हसत सांगतात. हसण्यावारी नेऊ नये असं ते वाक्य आहे. माशीतलं अर्धं सामान गेलं आणि माशी सुधारली, तर ते सामान होतं कशासाठी?

माझं पोट मॉडेल्सवर चालतं (कॉम्प्युटरवरची हो!), म्हणून कदाचित मला हे जास्त टोचतं. मॉडेलमध्ये काय घालायचं हे ठरवणं सोपं असतं. काय वगळलं तरी चालेल हे ठरवायला त्या विषयाची खरी समज लागते. माशी बांधतानाही तेच. ज्याला ठाऊक नसतं की मासा नेमका कशाला फसतो, तो सगळंच बांधतो.

आणि बाजार त्याला मदत करायला बसलेलाच आहे. दुकानात जा. भिंतभर पाकिटं. चमकणारे धागे पन्नास रंगांत, कृत्रिम केस, होलोग्रामचे त्रिमिती डोळे, अतिनील दिव्याखाली क्षणात घट्ट होणारा राळ. काचेच्या कपाटातल्या तयार माश्या बघितल्या की मला लग्नातलं रुखवत आठवतं. कौशल्य निर्विवाद, पण मांडलंय ते बघणाऱ्यांसाठी. त्या माश्या आधी माणसाला पकडतात. माशाला पकडलं तर पकडलं.

ही हौस टोकाला गेली की काय होतं त्याचंही एक उदाहरण आहे. १९९१ साली अमेरिकेच्या टपाल खात्याने पाच माश्यांची २९ सेंटची तिकिटं काढली. त्यांत आपल्या ओळखीची डिसीव्हर आहे आणि तिच्याबरोबर जॉक स्कॉट नावाची जुनी ब्रिटिश सामन-माशीही आहे. डिसीव्हरला कोंबडा आणि हरीण पुरतं. जॉक स्कॉटच्या मूळ कृतीत टुकान, मकाव, मोर, माळढोकाच्या कुळातले पक्षी अशी पिसांची जत्रा लागते. शिवाय आपल्या सह्याद्रीतला राखी रानकोंबडा! त्याच्या मानेवरच्या पिसांवर मेणासारखे पांढरे-पिवळे ठिपके असतात, ते माशीवर डोळ्यासारखे शोभतात. एके काळी ती पिसं भारतातून विलायतेला जात. आता भारतातून निर्यातीला बंदी आहे आणि हा पक्षी आपल्या वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहे.

अशा जुन्या माश्या आजही हुबेहूब बांधणारे लोक आहेत. त्यांतल्या अनेक माश्यांना कधी पाणी लागत नाही, त्या फ्रेममध्ये जातात. त्याच हौसेच्या बाजारासाठी २००९ साली लंडनमध्ये शिकणाऱ्या एका अमेरिकन संगीताच्या विद्यार्थ्याने ट्रिंगच्या संग्रहालयातून २९९ पक्ष्यांची कातडी चोरली. त्यांत आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी मलाया द्वीपसमूहातून जमवलेले पक्षी होते. चोरी उघडकीस आल्यावर बरेचसे परत मिळाले, पण अनेकांची लेबलं तोडलेली. कुठे, कधी सापडला हे लिहिलेलं लेबल गेलं की शास्त्राच्या दृष्टीने तो पक्षी मुका झाला. दीडशे वर्षं जपलेली माहिती गेली, आणि सामन माशाने तर हे मागितलंही नव्हतं.

तुम्ही म्हणाल, हे फारच टोकाचं. आहे खरं. आमच्या खाऱ्या पाण्यातल्या मंडळींची हाव पिसांची नाही. आमची हाव प्लॅस्टिकची. कृत्रिम केस सुंदर दिसतात, पण माशी कापून-विंचरून आकाराला आणताना त्यांचा भुगा पडतो आणि वापरताना तुकडे पाण्यात राहतात. हरणाचे केस झडले तर कुजून जातात. इथे पांढऱ्या शेपटीची हरणं उदंड आहेत, कायदेशीर शिकार होते आणि शेपटी ही त्यातली उरलेली वस्तू. एका शेपटीत डझनावारी माश्या होतात. मग प्लॅस्टिकचा भारा कशाला? चमक हवी, मान्य. दोन धागे लावा. बारा नकोत. आणि क्लाउझरच्या डोळ्यांना आता शिसंच लागतं असं नाही, पितळेचे किंवा टंग्स्टनचे डोळे मिळतात. पाणपक्ष्यांना शिशाची विषबाधा होते म्हणून इथल्या काही राज्यांनी मासेमारीच्या लहान शिशांवर बंदी घातली आहे. तेव्हा ही सोय न वापरण्याचं कारण उरत नाही.

आता सगळ्यात अवघड मुद्दा, म्हणजे खुद्द मासा.

घरून दुसरा प्रश्न हमखास येतो तो असा: "पकडून सोडूनच द्यायचा, तर पकडतोस कशाला?" याला माझ्याकडे गोंडस उत्तर नाही. मला आनंद होतो म्हणून. कोकणात गरी टाकून बसलेला माणूस संध्याकाळच्या कालवणाची सोय करत असतो. त्याच्या मासेमारीला पोटाचं कारण आहे. माझ्या मासेमारीला नाही. नियमात बसणारा एखादा मासा कधीतरी घरी येतो, पण बहुतेक वेळा मी त्याला दमवतो आणि सोडतो. तेव्हा माझ्यावर जबाबदारी त्या कोकणातल्या माणसापेक्षा जास्त आहे, कमी नाही.

आणि 'सोडला' म्हणजे 'वाचला' असं नसतं. अटलांटिक किनाऱ्यावरच्या राज्यांचा जो मत्स्य आयोग आहे, तो हौशी लोकांनी सोडलेल्या स्ट्राइप्ड बासपैकी सरासरी ९ टक्के नंतर मरतात असं धरून हिशेब करतो. म्हणजे अकरा सोडले की एक गेला. उन्हाळ्यात पाणी तापलं, प्राणवायू कमी झाला की परिस्थिती आणखी वाईट. किनाऱ्यावर सोडले जाणारे मासे इतके, की २०१९ च्या अहवालानुसार २०१७ साली माणसामुळे मेलेल्या एकूण स्ट्राइप्ड बासपैकी जवळपास निम्मे हे असे 'सोडलेले' होते! निम्मे. सोडणारा प्रत्येक जण समाधानाने घरी गेला असणार.

हा मासा आधीच एकदा मरता मरता वाचलेला आहे. १९८५ पासून १९९० पर्यंत मेरीलँडने त्याच्या मासेमारीवर पूर्ण बंदी घातली होती. १९९५ मध्ये तो सावरल्याचं जाहीर झालं. २०१९ च्या त्याच अहवालात पुन्हा धोक्याची घंटा वाजली. दरवर्षी चेसापीकमध्ये त्याची पिल्लं मोजतात. २०१९ ते २०२४ अशी सलग सहा वर्षं ती मोजणी सरासरीच्या बरीच खाली आली. गोड्या पाण्याचा प्रवाह, हिवाळ्याचं तापमान अशा गोष्टींवर ते अवलंबून असतं, त्यावर आपला इलाज नाही. माझ्या टेबलावरच्या गळावर मात्र माझा इलाज आहे.

म्हणून माझं म्हणणं आहे की मासा सोडण्याची जबाबदारी पाण्यात नव्हे, बांधायच्या टेबलावर सुरू होते. कारण गळ तिथे निवडला जातो. हल्ली दोन-दोन गळ सांध्याने जोडलेल्या वीतभर लांब माश्यांची फॅशन आहे. हलतात सुरेख, वादच नाही. पण एक गळ ओठात आणि दुसरा डोळ्यात किंवा कल्ल्यात, हे दृश्य एकदा बघितलं तरी पुरे. एकच गळ बांधा. त्याचा उलटा काटा पक्कडीने आधीच दाबून सपाट करा, केस-पिसं बांधण्यापूर्वीच, म्हणजे पाण्यात विसरायचा प्रश्न नाही. मासा हातात येण्याआधी एखादा सुटेल. सुटू दे की! तसाही सोडणारच होतात. स्टेनलेसचा गळ तुटून तोंडात राहिला तर गंजून पडायला फार काळ घेतो, तेव्हा साधा गळ बरा. तो आपल्या डब्यात गंजतो ही तक्रार खरी आहे, पण धुवून पुसून ठेवायला दोन मिनिटं लागतात.

यावर इथले मित्र म्हणतात, "अरे, बांधण्यातही आनंद आहे. हिवाळ्यात सहा वाजायच्या आत अंधार होतो, बाहेर बर्फ, त्यात टेबलाशी बसून माणसाने जरा नक्षीकाम केलं तर तुझं काय जातं?" प्रश्न रास्त आहे. हातांना काम हवं, आणि दिवसभर स्क्रीनसमोर बसणाऱ्यांना तर नक्कीच हवं. नक्षीकाम करा, भिंतीवर लावा, कोंबड्याच्या पिसांनी करा. माझी हरकत एवढीच आहे की ते पाण्यात नेताना 'माशाला हे लागतं' असं म्हणू नका. शिवाय कमी बांधण्यात कसब नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी डझनभर क्लाउझर एकसारख्या बांधून दाखवाव्यात. प्रत्येकीत तेवढेच केस, डोळे दांडीला अगदी काटकोनात, दोऱ्याचा एकही वेढा जास्तीचा नाही. जास्तीच्या सामानाखाली चुका झाकता येतात, इथे झाकायला काहीच नसतं.

भारतातही आता फ्लाय फिशिंग करणारे लोक आहेत. हिमालयातल्या नद्यांत महसीरसाठी आणि अंदमानात मोठ्या समुद्री माशांसाठी लोक जातात. उद्या कुणी रेवदंड्याच्या खाडीत जिताड्यासाठी माशी बांधायला बसलं तर मला खरोखर आनंद होईल. आपल्याकडे हरणाची शेपटी कायद्याने मिळायची नाही आणि मिळवायचीही नाही. त्याने अडत नाही. शेळीचे लांब पांढरे केस चालतात, गावच्या कोंबड्याची पिसं चालतात, शिवणाचा मजबूत दोरा चालतो. मांदेली समोर ठेवा आणि तिची लांबी मोजा. मग तिच्यातलं काय काय वगळता येईल याची यादी करा. यादी जितकी लांब होईल तितकी माशी चांगली होईल. आणि काटा दाबायला विसरू नका.